सेल्फ-चेकआउट की कॅशियर? रांगेचं गणित आणि अडलेलं बिल

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी आपल्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात जा. ट्रॉल्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, लहान पोरं चॉकलेटच्या स्टँडपाशी हट्ट करत असतात, आणि बिलिंगच्या लाईनीत कुणीतरी हमखास म्हणतं, "बाहेरच्या देशात बघा, आपलं आपण स्कॅन करायचं, पैसे भरायचे आणि निघायचं. आपल्याकडं हे कधी यायचं?" आजूबाजूचे चार जण माना डोलावतात.

आज मला हे म्हणणं तपासून बघायचंय. त्यात तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. एक, मशीनमुळे वेळ वाचतो. दोन, दुकानाचा खर्च वाचतो, म्हणजे पुढेमागे आपलाही वाचेल. तीन, ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं. या तिन्हींवर संशोधन झालेलं आहे. ते वाचून माझं मत असं झालंय की यातलं प्रत्येक विधान अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं दुकानांच्या जाहिरातीत कधी येत नाही.

आधी मशीन काय करतं ते बघू. सेल्फ-चेकआउटवर ग्राहक स्वतः प्रत्येक वस्तूचा बारकोड स्कॅनरसमोर धरतो. सुटी भाजी किंवा फळं असतील तर पडद्यावर त्यांचं नाव शोधून वजन करतो. वस्तू पिशवीत ठेवतो, आणि कार्डाने किंवा मोबाईलने पैसे भरतो. पिशवी ठेवायच्या जागेखाली बऱ्याचदा वजनकाटा बसवलेला असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचं वजन आणि पिशवीत पडलेलं वजन जुळलं नाही, की मशीन थांबतं, दिवा लागतो, आणि दुकानातलं कुणीतरी येऊन ते सोडवतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सरळ बिल मशीन चांगलंच करतं, त्यात वाद नाही. माझा प्रश्न अडलेल्या बिलाचा आहे. किती बिलं अडतात, ती सोडवायला कोण असतं, आणि अडल्याचा ठपका कुणावर येतो?

काम गेलं कुठे?

गुलमंडी किंवा शहागंजच्या जुन्या किराणा दुकानात आजही यादी दिली की दुकानातला मुलगा माल काढतो, मालक तोंडी किंवा कागदावर हिशेब करतो. ग्राहक फक्त उभा असतो. जगभर दुकानं अशीच चालायची. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स साँडर्स यांनी 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान काढलं, आणि तिथे ग्राहकाने स्वतः फिरून माल टोपलीत घ्यायचा अशी पद्धत आणली. माल काढणाऱ्या नोकराचं काम ग्राहकाकडे आलं. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि बारकोडचं युग सुरू झालं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्याच दुकानांत पहिली सेल्फ-चेकआउट मशीनं आली आणि हिशेबाचं कामही ग्राहकाकडे आलं.

म्हणजे या मशीनने काम संपवलेलं नाही. काउंटरच्या पलीकडचं काम अलीकडे सरकवलंय. पलीकडच्या माणसाला त्याचा पगार मिळत होता, अलीकडच्याला मिळत नाही. पिग्ली विग्लीच्या वेळी ग्राहकाला बदल्यात काहीतरी मिळालं होतं. माल हातात घेऊन बघता येऊ लागला, किंमत ताडून घेता आली. सेल्फ-चेकआउटच्या बदल्यात काय मिळतं? उत्तर ठरलेलं असतं: वेळ. तर वेळेचाच हिशेब करू.

एक रांग आणि चार रांगा

रांगांचं शास्त्र किराणा दुकानात जन्मलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली यावरचा पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता: फोन करणारे लोक वाटेल तेव्हा फोन करतात, मग लाईनी किती ठेवायच्या? फोनच्या जागी ट्रॉली आणि लाईनीच्या जागी काउंटर ठेवा, गणित तेच राहतं.

एक काल्पनिक दुकान घेऊ. चार काउंटर आहेत. एका बिलाला सरासरी २ मिनिटं लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. गर्दी इतकी आहे की प्रत्येक काउंटर ८० टक्के वेळ कामात असतो. प्रत्येक काउंटरसमोर वेगळी रांग असेल, आणि लोक एकदा उभे राहिले की रांग बदलत नसतील, तर एरलांगच्या पद्धतीने गणित केल्यावर सरासरी ८ मिनिटं थांबावं लागतं. आता काउंटर तेच, माणसं तीच, वेगही तोच ठेवा. बदल एकच: चारही काउंटरसाठी एकच लांब रांग करा, आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढचा माणूस जाईल. आता सरासरी थांबणं येतं सुमारे दीड मिनिट.

आठ मिनिटांचं दीड मिनिट झालं, आणि एकही मशीन विकत घ्यावं लागलं नाही. प्रत्यक्षात लोक इकडची रांग सोडून तिकडे पळतात, त्यामुळे खऱ्या दुकानात फरक एवढा मोठा दिसणार नाही. पण दिशा हीच राहते. वेगळ्या रांगांमध्ये एक काउंटर रिकामा आणि शेजारच्यासमोर सहा जण, असं होऊ शकतं. एका रांगेत ते होत नाही.

आता परदेशातल्या सेल्फ-चेकआउटचा फोटो डोळ्यासमोर आणा. सहा-आठ मशीनं, आणि त्यांच्यासमोर बहुतेक वेळा एकच रांग. शेजारी कॅशियरचे काउंटर, प्रत्येकाला आपापली रांग. आपण तुलना करतो माणूस विरुद्ध मशीन अशी, पण प्रत्यक्षात ती असते चार रांगा विरुद्ध एक रांग अशी. मशीनला मिळणाऱ्या शाबासकीतला मोठा वाटा खरं तर रांगेच्या मांडणीचा आहे. मशीनचा खरा फायदा दुसरा आहे, तो मान्य करायला हवा. दोन काउंटरच्या जागेत पाच-सहा मशीनं मावतात, आणि दुपारी कमी माणसं असली तरी ती सगळी चालू राहतात.

सरासरी फसवते कशी

"पण मशीनवर माझं बिल एका मिनिटात होतं," असं कुणी म्हणेल. होत असेल. पण रांगेत तुम्ही किती थांबता हे नुसत्या सरासरीवर ठरत नाही. बिलांच्या वेळा एकमेकींपेक्षा किती वेगळ्या आहेत, यावरही ते ठरतं. १९३० च्या सुमारास फेलिक्स पोलाचेक आणि अलेक्सांडर खिंचिन या दोन गणितज्ञांनी यासाठी सूत्र दिलं. सूत्र इथे लिहीत नाही, त्याचा परिणाम दाखवतो.

एकच काउंटर घ्या, ८० टक्के वेळ कामात असणारा. पहिल्या प्रकारात प्रत्येक बिलाला बरोबर २ मिनिटं लागतात. सरासरी थांबणं ४ मिनिटं येतं. दुसऱ्या प्रकारात दहातली नऊ बिलं एका मिनिटात होतात, पण दहावं अडतं आणि त्याला ११ मिनिटं लागतात. सरासरी काढून बघा: नऊ अधिक अकरा, भागिले दहा, म्हणजे पुन्हा २ मिनिटंच. पण आता रांगेत सरासरी थांबणं येतं १३ मिनिटं.

सरासरी तीच, थांबणं तिपटीहून जास्त. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या दुकानाचे नाहीत. पण यातून कळतं ते असं, की रांग जलद करायची असेल तर सोपं बिल अजून जलद करण्यापेक्षा अडलेलं बिल लवकर सोडवणं जास्त कामाचं असतं.

आणि बिल अडतं कशाने? बारकोडवर सुरकुती पडलेली असते. एकावर एक फुकटच्या ऑफरमध्ये दुसरी वस्तू स्कॅन होत नाही. सुट्या वाटाण्याच्या पिशवीवर वजनाची चिठ्ठी लावायची राहून जाते. कोथिंबीर आणि मेथी पडद्यावर शेजारीशेजारी असतात. यूपीआयचे पैसे खात्यातून गेलेले असतात, पण दुकानात आल्याचं दिसत नाही. सराव असलेली कॅशियर यातल्या निम्म्या गोष्टी हात न थांबवता सोडवते. कुठल्या पाकिटाचा बारकोड कुठल्या बाजूला असतो, हे तिच्या बोटांना माहीत असतं. ती दिवसाला शेकडो बिलं करते, आपण महिन्याला दोन.

याची उलट बाजूही आहे. डेकॅथलॉनसारख्या दुकानात वस्तूंवर आरएफआयडी टॅग असतो. सगळा माल एका खोक्यात ठेवला की मशीन एकदम मोजतं, एकेक वस्तू फिरवायची गरजच नाही. तिथे स्वतः बिल करणं खरंच सोपं आहे, कारण टॅग लावणारं आणि विकणारं घर बहुतांशी एकच आहे, आणि तिथे सुटं काही नसतं. आपला महिन्याचा किराणा मात्र सुटी डाळ, ज्वारी, भाजी, पाकीटबंद मसाला आणि साबण यांची खिचडी असते. एकाच मशीनबद्दल दोन दुकानांत दोन उत्तरं येऊ शकतात ती यामुळे.

आपल्याला जलद का वाटतं?

१९८५ साली डेव्हिड मेस्टर यांनी रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्यातला पहिलाच मुद्दा असा, की रिकामा वेळ लांब वाटतो आणि कामात गेलेला वेळ छोटा वाटतो. मशीनवर तुमचे हात चालू असतात, काउंटरवर तुम्ही नुसते उभे असता. घड्याळात दोन्हीकडे तीन मिनिटं गेली तरी मनात एक जलद आणि एक संथ अशी नोंद होते.

इथे मला या विषयावरच्या संशोधनावरही टीका करायचीय. सेल्फ-चेकआउटवरचे ढिगाने पेपर एका ठरलेल्या साच्यातून निघतात. १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेलं 'टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल' घ्यायचं. लोकांना प्रश्नावली द्यायची: हे मशीन उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का, पुढे वापराल का, एक ते पाचमध्ये सांगा. मग आकडेमोड करून निष्कर्ष काढायचा, की ज्यांना सोपं वाटतं ते वापरायला तयार असतात. मॉडेल मुळात चुकीचं नाही. नवीन तंत्र लोक का स्वीकारतात, या प्रश्नासाठी ते बनलंय. पण 'हे तंत्र चांगलं आहे का' या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते वापरलं की गडबड होते. प्रश्नावलीत वाटणं मोजलं जातं, घड्याळ नाही. आणि ती फक्त मशीन वापरणाऱ्याला विचारतात. त्याच्यामागे अडकलेल्या माणसाला, सहा मशीनांमध्ये एकटीने पळणाऱ्या मदतनीस मुलीला, मशीन बघून परत फिरलेल्या आजीला कुणी विचारत नाही.

मुंबईच्या लोकलने दिलेलं उत्तर

आपल्या राज्यात याचा एक मोठा प्रयोग कितीतरी वर्षं चालू आहे, फक्त तो किराण्याचा नाही, तिकिटाचा आहे. मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने लोकल स्टेशनवरची एटीव्हीएम मशीनं पाहिली असतील. खिडकीवरची गर्दी कमी व्हावी, प्रवाशाने स्मार्ट कार्ड ठेवून स्वतः तिकीट काढावं, ही कल्पना. पडद्यावर मराठी होतं, हिंदी होतं, इंग्रजी होतं. तरी पुष्कळ लोक मशीनसमोर अडखळायचे. कार्ड नाही, स्टेशन सापडत नाही, मागून गाडीचा आवाज येतोय.

मग रेल्वेने काय केलं? मशीनशेजारी माणूस उभा केला. फॅसिलिटेटर म्हणून निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना नेमलं. ते आपल्या कार्डावर तुमचं तिकीट काढून देतात, तुमच्याकडून पैसे घेतात आणि त्यांना कमिशन मिळतं. प्रवासी त्यांच्यासमोर रांग लावतात. म्हणजे खिडकीला पर्याय म्हणून आणलेल्या मशीनची लोकांनी पुन्हा खिडकी करून टाकली.

याला कुणी योजनेचं अपयश म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. ज्यांना स्वतः काढता येतं ते बाजूच्या मशीनवर काढतात, बाकीच्यांना माणूस मिळतो, आणि दोन्ही मिळून रांग पुढे सरकते. अडलेलं तिकीट सोडवणारा माणूस जागेवरच आहे, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळतात. दुकानांना मशीन आणायचीच असतील तर त्यांनी हा नमुना बघावा.

खर्च खरंच वाचतो का?

अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू (२०२४ च्या नोबेल मानकऱ्यांपैकी एक) आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो यांनी २०१९ मध्ये एक उपयुक्त फरक मांडला. काही यंत्रं माणसाचं काम घेतात, पण उत्पादकता इतकी वाढवतात की वस्तू स्वस्त होतात, मागणी वाढते आणि दुसरीकडे नवीन कामं तयार होतात. काही यंत्रं मात्र माणसाचं काम तर घेतात, पण फायदा जेमतेम देतात. अशांना मराठीत 'यथातथा तंत्रज्ञान' म्हणता येईल. सेल्फ-चेकआउट हे असेमोग्लू यांचं त्यासाठीचं आवडतं उदाहरण आहे. कॅशियरची नोकरी जाते, पण स्कॅन करायचं काम कमी होत नाही, ते फक्त कमी सराव असलेल्या हातांकडे जातं.

शिवाय हे गणित ज्या देशांत मांडलं गेलं तिथे मजुरी महाग आहे. आपल्याकडे आयात केलेलं मशीन महाग आणि माणसाचा पगार कमी. तिथे वाचणारा खर्च इथे वाचेलच असं नाही.

आणि दुकानाचा एक खर्च वाढतो: न मोजलेला माल. ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाचे अ‍ॅड्रियन बेक आणि मॅट हॉपकिन्स यांनी ग्राहकाने स्वतः स्कॅन केलेल्या सुमारे १० लाख व्यवहारांची तपासणी केली. २.१ कोटी डॉलरच्या विक्रीत जवळपास ८.५ लाख डॉलरचा माल स्कॅन न होताच बाहेर गेला होता, म्हणजे साधारण ४ टक्के. किराण्याच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण मुळात किती थोडं असतं हे कुठल्याही दुकानदाराला विचारा, म्हणजे या ४ टक्क्यांचं वजन कळेल.

पण हा आकडा वाचून "लोक चोरच" असं म्हणू नका. यातली चोरी किती आणि चूक किती, हे वेगळं करणं फार अवघड आहे. एमेलिन टेलर या गुन्हेशास्त्रज्ञांनी अशा ग्राहकांवर लिहिलंय, जे एरवी सरळ वागतात पण मशीनसमोर महाग फळ स्वस्त फळाच्या नावाने तोलतात. काहींची सुरुवात खऱ्या चुकीतून होते. वस्तू स्कॅन झाली नाही, कुणी अडवलं नाही, मग पुढच्या वेळी मुद्दाम.

इथे मला खरी धास्ती वाटते. कॅशियरने एखादी वस्तू मोजायची विसरली तर ती दुकानाची चूक असते. तीच वस्तू मशीनवर तुमच्याकडून राहिली, तर दारावरचा सिक्युरिटीवाला तुमच्याकडे चोर म्हणून बघतो. चूक तीच, तीही न शिकवलेल्या, न नेमलेल्या माणसाकडून झालेली, पण ठपका बदलला. आणि संशय सगळ्यांवर सारखा येत नाही हे आपल्याला माहीत आहे. कुणाची पिशवी उघडून बघतात आणि कुणाला "थँक यू सर" म्हणून सोडतात, हे कपडे, बोली आणि चपला बघून ठरतं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेला कामगार आणि गाडीतून उतरलेलं कुटुंब, दोघांकडून एकेक साबण राहिला तर दोघांना एकसारखी वागणूक मिळेल का? वेळ वाचण्याच्या बदल्यात हा धोका ग्राहकाकडे जातो, आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मशीनची बाजू

एवढं ऐकून मी मशीनच्या विरोधात आहे असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. माणसासमोर व्यवहार करण्याची एक किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही.

स्वीडनमध्ये दारूची किरकोळ विक्री मुख्यतः सरकारी दुकानांतून होते. तिथली दुकानं काउंटरवर नाव सांगून मागायच्या पद्धतीवरून स्वतः उचलून घ्यायच्या पद्धतीवर गेली, तेव्हा काय झालं याचा अभ्यास गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. उच्चारायला अवघड नावांच्या बाटल्यांचा विक्रीतला वाटा वाढला! लोकांना ती दारू आधीही हवी होती, पण नाव चुकेल या लाजेने ते दुसरी मागत होते.

आपल्याकडे बाटलीच्या नावापेक्षा साधं उदाहरण आहे. मेडिकलमध्ये सॅनिटरी पॅड मागितले की दुकानदार आजही कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. मागे चार पुरुष उभे असताना निरोध मागायला किती जण कचरतात? अशा वेळी न बोलणारं मशीन हा दिलासा आहे. ज्यांना बोलायला किंवा ऐकायला अडचण आहे त्यांच्यासाठीही. हातात फक्त दुधाची पिशवी आणि ब्रेड असेल, तर भरलेल्या ट्रॉल्यांमागे उभं राहण्यापेक्षा मशीन बरं, हेही उघड आहे.

म्हणून "मशीन नको" ही मागणी मला पटत नाही. "फक्त मशीन" हे मला नको आहे. परदेशातही वारं एकाच दिशेने वाहत नाही. ब्रिटनमधल्या बूथ्स या सुपरमार्केटने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन सोडून बाकी सगळ्या दुकानांतली सेल्फ-चेकआउट काढायचं जाहीर केलं. नेदरलँड्समध्ये युम्बो कंपनीने २०१९ मध्ये चक्क 'गप्पांचा काउंटर' सुरू केला. ज्यांना घाई नाही, ज्यांच्याशी दिवसभर कुणी बोललेलं नाही, त्यांनी तिथे उभं राहावं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेटने बहुतेक दुकानांत सेल्फ-चेकआउटवर दहा वस्तूंची मर्यादा घातली. मशीनं संपली असं यातून ठरत नाही, पुष्कळ दुकानांत ती आहेतच. पण "पुढारलेल्या देशांत हेच चालतं" या वाक्याला मात्र आता आधार उरलेला नाही.

आपण आधीच काय निवडलंय

गंमत म्हणजे आपण एक वेगळी वाटणी करून बसलोय आणि तिच्याकडे आपलं लक्षच नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं. पूर्वी काउंटरवरचा सगळ्यात रटाळ भाग होता सुट्या पैशांचा. "तीन रुपये सुट्टे द्या", नाहीतर हातात चॉकलेट. आज कॅनॉटमधल्या मोठ्या दुकानापासून जाधववाडीच्या भाजीवाल्यापर्यंत क्यूआर कोड लटकतो, आणि पैसे आले की छोटा स्पीकर बोलून सांगतो. भाजीवालीला पावती वाचता आली नाही तरी चालतं, हात भाजीतच राहतात.

म्हणजे आपल्याकडे मशीनकडे गेलं ते पैसे मोजायचं, सुट्टे शोधायचं काम. माणसाकडे राहिलं ते निवडायचं, तोलायचं, चूक झाली तर सोडवायचं. सेल्फ-चेकआउट याच्या उलट करतं: निवडणं, तोलणं आणि चूक सांभाळणं ग्राहकावर टाकतं. मला पहिली वाटणी जास्त शहाणी वाटते.

कॅशियरचं काम मी गोड करून सांगत नाही. बारावी झालेल्या, घराजवळ नोकरी शोधणाऱ्या कितीतरी मुलींसाठी ती पहिली पगाराची नोकरी असते. ती जाऊ नये एवढंच म्हणणं पुरेसं नाही, ती बरी व्हायला हवी. तासन् तास उभं राहायचं, पाण्यालाही सुट्टी मागायची, शनिवारी सगळ्यांचा राग झेलायचा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. खुर्चीसाठी कायदा लागावा, यातच परिस्थिती कळते.

तर दुकानांकडून मागायचं काय? सगळ्या काउंटरना मिळून एकच रांग, आणि पाच वस्तूंखालच्यांना वेगळा काउंटर. दोन्हीला खर्च दोरी आणि पाटीचा. कॅशियरला खुर्ची. मशीनं आणलीच तर पडद्यावर मराठी, शेजारी पगारी मदतनीस, आणि रोख घेणारा किमान एक माणसाचा काउंटर कायम सुरू. आणि स्कॅन करताना राहून गेलेल्या वस्तूला आधी चूक समजायचं, चोरी नंतर, हा नियम दाराशी मोठ्या अक्षरात लिहिलेला.

आणि निवड करायची वेळ आलीच, तर माझा ठोकताळा साधा आहे. चार-पाच पाकीटबंद वस्तू असतील तर मशीन. सुटा माल, ऑफर किंवा लांब यादी असेल तर माणूस. मशीनजवळ मदतीला कुणीच दिसत नसेल, तर वस्तू कितीही असोत, माणूस.

पटत नसेल तर स्वतः मोजून बघा. पुढच्या वेळी रांगेत असताना मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि वीस बिलांच्या वेळा लिहा. सरासरी काढाच, पण सगळ्यात लांबलेलं बिल किती मिनिटांचं होतं, ते कशाने अडलं आणि कुणी सोडवलं, हेही शेजारी लिहा. माझा अंदाज आहे की रांगेची गोष्ट त्या शेजारच्या रकान्यात सापडेल. आकडे मला पाठवले तर पुढच्या लेखात त्यांच्यावर गणित करू.